दोनशे वेळा काढलेलं कार्ड

लेक : आणि कोड तपासणाऱ्या त्या बाईंनी सगळ्यांसमोर लिहिलंय, बाबा. 'पहिल्यांदा कार्ड ओढलं, मशीन गोठलं. दुसऱ्यांदा ओढलं, पुन्हा गोठलं. तुमच्याकडे दोनशे वेळा कसं चाललं, ते कृपया कळवावे.'

बाबा : कृपया म्हणतात. सभ्य दिसतात बाई.

लेक : असतील. नव्या आवृत्तीचं दार आज सहाला बंद होतंय, आणि किल्ली त्यांच्याकडे. जगभरची माणसं फुकट खपून ही कॉम्प्युटरची सिस्टीम लिहितात. तिच्यात मला एवढी एकच सोय घालायची होती. चालू मशीनमध्ये कार्ड खुपसा, चालू मशीनमधून काढा, त्याने कुरकुर करायची नाही. तीन वर्षं गेली माझी यात.

बाबा : माझ्याकडे कधीच कुरकुरलं नाही. वही बघ. तारीख, वेळ, सही.

लेक : ती वही बघूनच तर मी लिहिलं, 'चाचणी : माझे वडील, निवृत्त वायरमन, दोनशे वेळा.' पण एकेका चाचणीला दहा-दहा मिनिटं कशी लागली? कार्ड दोन सेकंदांत निघतं.

बाबा : ज्यांना घाई असते त्यांचं.

लेक : मी ऑफिसला गेल्यावर तुम्ही नक्की काय करत होतात, तेवढं दाखवा.

बाबा : सोपं आहे. आधी इथून बंद करायचं.

लेक : काय बंद करायचं?

बाबा : मशीन. मग भिंतीवरचं बटण. मग पिन काढायची. पाच मिनिटं थांबायचं, आतला करंट उतरू द्यायचा. मग कार्ड ओढायचं.

लेक : दोनशे वेळा?

बाबा : एकदाही चुकलो नाही.

लेक : चालू असताना काढा म्हणाले होते मी.

बाबा : म्हणाली होतीस. मला वाटलं, तुमच्यात तसं म्हणायची पद्धत असेल. एकेचाळीस वर्षांत एकाही शहाण्या माणसाने मला चालू लाइनीत हात घाल म्हटलं नाही. दोघं आपणहून घालायचे. दोघांनाही पोचवून आलोय मी.

लेक : कपाळ माझं.

बाबा : तुझ्या आईला शंका होती. म्हणाली, इतकं सुरळीत आहे तर पोरीला तीन वर्षं कशाला लागली?

लेक : मग तिलाच बसवायचं होतंत. चाळीस मिनिटं उरलीत. ओढा. आत्ता, चालू असताना.

बाबा : डावा हात खिशात घालू दे.

लेक : तो कशाला?

बाबा : करंट या हातातून त्या हातात जायला निघाला, तर वाटेत काळीज लागतं.

लेक : बारा व्होल्ट आहेत हो.

(बाबा डोळे मिटून कार्ड ओढतात. पडद्यावरच्या ओळी थांबतात.)

बाबा : मी काही केलं नाही.

लेक : केलंत. पहिल्यांदाच. थांबा, शेवटची ओळ वाचू द्या. कार्ड केव्हाच गेलं, आणि माझा प्रोग्राम अजून त्यालाच विचारतोय, झालं का काम, झालं का काम. उत्तर आल्याशिवाय हलायला तयार नाही.

बाबा : निवृत्तीनंतर महिनाभर मी सकाळी सातला डबा घेऊन दारात उभा राहायचो.

लेक : आठवडा लागेल दुरुस्तीला. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी.

बाबा : बाईंना काय कळवतेस?

लेक : मागे घेते म्हणून. पण त्या दोनशेचं काय लिहू? वडिलांना भीती वाटली म्हणून ते आधी मशीन बंद करायचे?

बाबा : खरं तेच आहे.

लेक : जगभर वाचतील, बाबा.

बाबा : वाचू देत. दोनशे खोड, एक लिही. नाव मात्र माझंच ठेव.