निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

मी मूळची कोरेगावची, साताऱ्याजवळची. दिल्लीला आले ती ह्यांच्या सरकारी नोकरीमुळे, मग मीही इथल्या एका टीबीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, आणि काय सांगू तुम्हाला, तेव्हापासून लोकांचं रक्तच काढतेय.

टीबी म्हणजे नुसता खोकला नव्हे हो. कितीतरी जणांच्या अंगात तो जंतू झोपलेला असतो, जन्मभर झोपूनच राहतो, आणि एखाद्याच्या अंगात जागा होतो. टीबीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत जंतू शिरलाय एवढं कळतं, झोपलाय की जागा झालाय ते नाही कळत. ते कळावं म्हणून आमच्याकडे रक्तातल्या खुणा शोधतात, शरीर जंतूशी झगडताना उमटतात त्या. तुलनेला निरोगी माणसंही लागतात, आणि निरोगी कोण, तर आम्हीच, आमच्या घरचे. ह्यांना सुईची भारी भीती, तरी मी म्हटलं चला, एक नळी द्या, तर हसून म्हणाले, इतकी वर्षं प्यायलीस तेवढं पुरलं नाही का. आणि दिली.

निकाल आला तर ह्यांच्या नळीतल्या खुणा पेशंटांसारख्या. मला वाटलं, माझ्याच हातून लेबलं बदलली. लॅबच्या सरांना म्हटलं, सर, गलती हो गई, नळी बदलली असणार. सर म्हणाले, अच्छा, मग त्या नळीचा नंबर सोडून द्या. मी सोडून दिला. मशीन चुकलं असेल, मी चुकले असेन, सगळं मनात आलं, हे आजारी असतील एवढंच नाही आलं. ह्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हाही मी म्हटलं, बरं झालं, पोट उतरलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, ते दिल्लीच्या उन्हाळ्यावर ढकललं. खोकला नव्हताच ना.

चार महिन्यांनी ह्यांचं डोकं दुखायला लागलं, मग माणसं ओळखेनात. टीबी मेंदूत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळायला हवं होतं. मला तर आधीच कळलं होतं. आठ दिवसांत हे गेले.

आता निरोगी माणसाची नळी जरा वेगळी दिसली की मी पिच्छा सोडत नाही. मुनिरकाला राहणारी एक मुलगी, पीएचडी करते, म्हणत होती, आंटी, मैं बिल्कुल ठीक हूँ. तरी ओढत नेली डॉक्टरकडे, आणि टीबी निघालाच. गोळ्या चालू आहेत, वजन वाढलंय. देव तिला उदंड आयुष्य देवो. ह्यांची नळी अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहे, सोडून दिलेली, म्हणून कुणी विचारत नाही. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, निरोगी.