कप्पीला टांगलेली पार्वताबाई

मशिनचं कौतुक मला सांगू नका. तुमचा तो ट्रेडमिलचा चालता पट्टा आत्ता आला. ऐंशी सालच्या सुमारास नागपुरात आमच्या फिजिओथेरपी विभागात छताच्या रुळावर सरकणारी एक कप्पी होती. तिचा कॅनव्हासचा पट्टा पेशंटच्या कमरेला बांधायचा, अर्धं वजन वर तोलून धरायचं आणि दोन दांड्यांमधून त्याला चालवायचं. झकास चालायची माणसं!

फक्त कुहीकडची पार्वताबाई अडून बसली. गोठ्यात पडून मोडलेलं हाड जुळलं होतं, पायात ताकद होती, पण बाई दांड्या सोडेना.

"पट्ट्यानं धरलंय तुम्हाला. सोडा हात," मी रोज सांगायची.

"पडीन नं बाई मी! त्या पट्ट्याचा काय भरोसा?"

लेकीनं विनवलं, मी रागावले, सगळं वाया.

एक दिवस दाराबाहेर कोणीतरी जोरात खाकरलं. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भेटायला आले होते. पार्वताबाईचे दोन्ही हात दांड्यांवरून उठले, पदर डोक्यावर गेला, आणि दाराकडे पाठ करून बाई तरातरा पार दुसऱ्या टोकाला! वर कप्पी करकरत तिच्यामागे धावली.

भासरे बिचारे ओशाळले. "येतो मी बाई. माह्यानं तिले उगाच तरास होऊन राहिला."

"बिलकूल जायचं नाही," मी म्हटलं. "उद्यापासून रोज यायचं."

"मी येऊन काय करू?"

"काही नाही. दारात खाकरायचं."