एकट्यानं आलेलं गिऱ्हाईक

— नाही नाही, ते चिमुकलं खाली ठेवा. सगळे आधी त्याच्यावरच हात टाकतात, गोंडस दिसतं, खिशात मावतं म्हणून. अहो, पिस्तूल जितकं लहान तितकं हातात जास्त उडतं. सगळा झटका मनगटात बसतो, पहिल्या पाच गोळ्यांत माणूस वैतागतो, आणि मग ते पडतं मोज्यांच्या खणात, कायमचं. तेवीस वर्षं बघतेय मी हे या काउंटरमागून. त्यातली शेवटची सहा एकटीनं — होबर्ट गेल्यापासून. होबर्ट म्हणजे माझा नवरा, बाहेरच्या पाटीवर अजून त्याचंच नाव आहे, होबर्ट स्टिडहॅम, बंदुका आणि मासेमारीच्या गळाचं सामान. मी व्हर्ना. पाटी बदलायला रंगारी दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मीच त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. तर — हात दाखवा. तसा नाही, पंजा उघडा. हं. बोटं लांब आहेत तुमची. मग हे घ्या, नऊ एमेमचं, मध्यम अंगाचं. मूठ पूर्ण भरली पाहिजे, करंगळी बाहेर लोंबता कामा नये. आणि बोट चापावर नको, कडेला ठेवा, असं सरळ. नळी जमिनीकडे. रिकामं आहे हो, मी दोनदा बघितलंय, पण रिकामं पिस्तूल असं जगात काही नसतं असंच धरून चालायचं. आता वरचा भाग मागे ओढा. ओढू नका खरं तर — एका हातानं ओढा, दुसऱ्यानं पुढे ढकला. बघा, जमलं. गेल्या आठवड्यात एक पैलवानासारखा माणूस आला होता, त्याला नाही जमलं, आणि त्याच्या बायकोला पहिल्या झटक्यात जमलं. तो मग पाऊण तास गळांकडेच बघत उभा.

नवशिक्याला मी खरं म्हणजे बावीसचं देते, बारीक गोळीचं. आवाज कमी, झटका नाहीच, गोळ्या स्वस्त, मनसोक्त शिकता येतं. साप-बिप असले तर त्यांना पुरे. — नाही? घरासाठी हवंय. बरं. घरात कोण कोण असतं? — एकटेच. बरं. मग हे नऊचंच, किंवा हे रिव्हॉल्व्हर. आमच्या आईकडे असंच होतं, मक्याच्या पिठाच्या डब्यामागे. तिनं ते आयुष्यात एकदा उडवलं, तेही कोल्ह्यावर, आणि लागलं आमच्या पाण्याच्या टाकीला. — मागे चालवून बघायचंय? चार गल्ल्या आहेत मागे, निशाणं लावून, पण आज नाही जमायचं. ती पाटी वाचा, हरणाच्या मुंडक्याखालची. ‘स्वतःची बंदूक नसलेल्या आणि एकट्यानं आलेल्या गिऱ्हाइकाला भाड्यानं पिस्तूल मिळणार नाही.’ सोबत कुणाला तरी आणा, मग दिवसभर चालवा. भाऊ, शेजारी, चर्चमधलं कुणी, कुणीही चालतं. नवी माणसं चिडतात या पाटीवर. मी काय चोर दिसतो का, म्हणतात. हा काय नियम झाला, म्हणतात. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. नाही, विचारायलाच हवं असं नाही. आपलं सांगितलं.

लायसन्स आहे ना? द्या, मी फॉर्म काढते. फॉर्म सरकारी आहे, लांबलचक, पण प्रश्न सोपे. गुन्हा केलाय का, कोर्टानं वेडा ठरवलंय का, दुसऱ्यासाठी घेताय का. मग मी एक फोन लावते, दहा मिनिटांत होकार येतो, की झालं. रसेल प्रूइट, राहणार बीच हॉलो. प्रूइट — लाकडाच्या गिरणीवाल्या प्रूइटांपैकी? — धाकटे तुम्ही! अहो, तुमच्या वडिलांनी आमच्या मागच्या खोलीचं छप्पर घातलंय, अजून एक थेंब गळत नाही. बसा की मग, लांब काय उभे राहता. साफसफाईची पेटी लागेल, ब्रश, तेल, चिंध्या — नको? बरं. कुलपाचं खोकं? — नको. म्यान? — तेही नको. पावती तरी नीट जपा, वर्षभराची हमी आहे — हो, ठेवते इथंच. आणि कुत्रा असेल ना घरी? आवाजाची सवय करावी लागते कुत्र्याला, पहिल्यांदा बिचारं दोन दिवस पलंगाखालून निघत नाही — देऊन टाकलात. कुणाला? शेजाऱ्यांना. कधी? मागच्या रविवारी. हं. हं. आता गोळ्या. ही पन्नासची पेटी, नवशिक्यानं दोन-तीन तरी न्याव्यात, पहिल्या महिन्यात — काय म्हणालात?

नाही. पन्नासच्या खाली पेटी येत नाही.

थांबा जरा. नाही, काही चुकलं नाही तुमचं, मलाच बसायचंय. ते पिस्तूल इकडे द्या, इथं कापडावर ठेवते. लायसन्स राहू दे माझ्याकडे, फॉर्म अजून भरायचाय. कॉफी घ्या, सकाळची आहे, पण गरम आहे. — घ्या हो.

मला एक भाऊ होता. लायल. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. हरणाच्या शिकारीतला माणूस, लांब बंदुकांचा. चार होत्या त्याच्याकडे, एक तर आजोबांची. पिस्तूल त्यानं जन्मात हातात धरलं नव्हतं, म्हणायचा, ते पोलिसांचं आणि दारुड्यांचं काम. त्याची बायको मे महिन्यात गेली, आणि ऑक्टोबरात, शिकारीचा मोसम उघडायच्या आधी, त्यानं चारही बंदुका भाच्यांना वाटून टाकल्या. आमच्याकडे असं करतात, तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याही घरी झालं असेल. म्हातारा माणूस जिवंतपणी आपल्या हातानं देतो, म्हणजे मागं भांडणं नकोत. लोक किती कौतुक करतात. मीही केलं. माझ्या मुलाला आजोबांची मिळाली, आम्ही सगळे अंगणात उभे, फोटो काढले, मी साधे घेवडे आणि मक्याचा पाव केला होता, लायल दोनदा वाढून घेऊन जेवला. कुणाच्या मनात आलं नाही, की हा बासष्टचाच आहे, याचे पाय धड आहेत, डोळे धड आहेत, आणि मोसम दोन आठवड्यांवर आलाय. शिकारी माणूस मोसमाच्या तोंडावर चारही बंदुका देऊन टाकतो, आणि आम्ही फोटो काढतोय.

आणि नंतरच्या मंगळवारी तो इथं आला. तुम्ही उभे होतात तिथंच. म्हणाला, व्हर्ना, गाडीत ठेवायला एक पिस्तूल दे, पायवाटेवर साप फार झालेत. ऑक्टोबरात, थंडीनं सगळे बिळात शिरलेले असताना. साप. मी ऐकलं आणि मला काही वाटलं नाही. वाटलं काय, तर आनंद. खरं सांगते. इतक्या वर्षांत लायलनं माझं एक ऐकलं नव्हतं, आणि आता तो मला विचारत होता, यातलं कुठलं चांगलं. मी सुटले. मूठ, नळी, झटका, हे का घ्यावं, ते का घेऊ नये, पाऊण तास मी बोलत होते. त्याचा हात माझ्या हातात घेऊन बोटं नीट बसवून दिली मी. त्याच्या हाताला नीट बसेल असं शोधून दिलं. तो नुसता हं, हं करत होता. तेलाची बाटली नको म्हणाला. खोकं नको म्हणाला. मला कुठं काय टोचलं नाही. अहो, नवा माणूस पहिलं पिस्तूल घेतो तेव्हा डोकं खातो हो, हे कसं उघडतं, तेल कुठलं, रोज घासायचं का, बायकोला काय सांगू. ज्याला उद्या आहे त्याला प्रश्न असतात. शेवटी मी गोळ्यांची पेटी ठेवली, तर तो म्हणाला, यापेक्षा छोटी नसते का. आणि मी — मी हसले. म्हणाले, लायल, तू जन्माचा चिक्कू तो चिक्कूच. तोही हसला. फॉर्म भरला, फोन लावला, होकार आला. फॉर्मात तसा रकाना नाही ना. रात्री झोप लागते का, जेवण जातं का, असा रकाना नाही.

दारापर्यंत गेला आणि वळला. म्हणाला, व्हर्ना, वेळ आहे का तुला थोडा? आणि मी म्हणाले, अरे, मुठीला रबर लावून घे हं, घाम आला की सटकते. आणि रबराबद्दल बोलत राहिले. तो म्हणाला, बरं. गेला.

बुधवारी सकाळी शेरीफ आला, टोपी हातात घेऊन. टोपी हातात बघितली तेव्हाच कळलं मला.

ती पाटी, ती होबर्टनं लावली होती, त्याच्या काळात कधी तरी. नेमबाजीच्या सगळ्याच जागी असते, आणि कुणीच कुणाला कारण सांगत नाही. एकटं, स्वतःची बंदूक नसलेलं माणूस भाड्यानं पिस्तूल घेऊन मागच्या गल्लीत जातं, आणि — तुम्हाला कळलं. भाड्यानं द्यायचं नाही. पण विकायचं चालतं. बघा कसा नियम. तो आमच्या भिंतींसाठी आहे, माणसासाठी नाही. मी तेवीस वर्षं तो नियम पाळला, एकदाही मोडला नाही, आणि सख्ख्या भावाला पिस्तूल पिशवीत घालून दिलं.

नाही, दुकान बंद नाही केलं. लोक विचारतात. मग मी करू काय? मला दुसरं येतं काय? आणि — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, का सांगतेय कुणास ठाऊक, कॉफी घ्या ना — शेरीफनं ते पिस्तूल परत आणून दिलं. सही करून. मीच सगळ्यात जवळची ना. ते या खणात होतं पाच महिने. मार्चमधल्या एका रविवारी सगळे चर्चला गेलेले, मी दुकान आतून लावून घेतलं आणि तो खण उघडला. नाही, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. दिवसाढवळ्या, ऊन पडलेलं होतं छान. आणि दारावर थाप. परत थाप. परत. शेवटी ओरडले, बंद आहे. तर बाहेरून एक म्हातारा म्हणतो, बाई, गांडुळं हवीत. गांडुळं! रविवारी, चर्च सोडून. उठले, काय करणार, डबा काढून दिला. आणि तो गेलाच नाही हो. चाळीस मिनिटं दारात उभा राहून मला एका माशाची गोष्ट सांगत होता, जो त्याला कधी मिळालाच नाही. मी सारखी मनात म्हणतेय, जा रे बाबा, जा. तो गेला तेव्हा मला भूक लागली होती. एवढंच. मोठं काही कळलं नाही, देव दिसला नाही. भूक लागली होती, घरी गेले, उरलेले घेवडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी ते पिस्तूल मी शेरीफला परत दिलं, म्हणाले, वितळवून टाका. दुःख गेलं का? नाही गेलं. पण ती वेळ गेली. ती वेळ जाते, रसेल. कुणी दारात चाळीस मिनिटं उभं राहिलं तरी जाते.

कुठं निघालास? बस. लायसन्स माझ्या हातात आहे, आणि ते मी देत नाही. कर माझी तक्रार, शेरीफला बोलव, तोही कॉफी पिईल. या कौंटीत आणखी तीन दुकानं आहेत, तिन्ही जणांचे नंबर मला पाठ आहेत, आम्ही एकमेकांना फोन करतो, निळ्या शर्टाचा माणूस येतोय, विकू नकोस, एवढंच म्हणतो, पुढं कुणी काही विचारत नाही. राग आलाय? येऊ दे. मी चुकत असेन, तुला खरंच चोरांची भीती असेल, तर मी तुझ्या पाया पडून माफी मागेन आणि उद्या तुझ्या दाराला चांगला अडसर बसवून देईन, माझ्या खर्चानं. पण विचारल्याशिवाय सोडणार नाही. लायलला नाही विचारलं मी. तोंडावर विचारते, ऐक. तू हे स्वतःला मारायला घेतोयस का?

— 

हं.

नको, डोळे पुसू नकोस, असू दे. इथं कुणी येत नाही या वेळी, आणि आलं तर मी दार लावते. थांब, लावतेच. हे बघ, लावलं. आता तुझी बहीण, भाऊ, कुणी आहे का ज्याला बोलावू? बोलावू आपण, मीच फोन करते, आणि डॉक्टरकडेही मी येते सोबत, माझी गाडी आहे. ते सगळं करू. घाई नाही. मोठ्यानं म्हण, मला एका कानानं कमी ऐकू येतं, बंदुकांच्या आवाजानं गेलाय तो. — कधीपासून? — एप्रिलपासून. आणि कुणालाच नाही — बरं. अरे, मी परत मध्ये बोलले. मी लायललाही असंच —

नाही. आता मी गप्प बसते. तू बोल.