खोडावरचा राखी बगळा

काका : ...आणि जाताना साधा नमस्कारसुद्धा नाही. तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात सगळे असेच भरलेत का गं, नम्रता?

नम्रता : यज्ञेश्वरकाका, पट्टा लावा. हडपसरला पोलीस असतात.

काका : लावतो. पण तो काय म्हणाला, ऐकलंस ना? ‘सर, तो बगळा नाही, गोणी आहे.’ सगळ्यांच्या देखत. आज जन्मात पहिल्यांदा कवडीच्या नदीकाठी आला आणि मला बगळा शिकवतो. तुझ्यासारख्या किती जणांना मी पक्षी दाखवले, त्याला कल्पना तरी आहे का?

नम्रता : ऐकलं मी.

काका : गोणी म्हणे! राखी बगळा तास तास हलत नाही. शिकारीला उभा राहिला की उभाच. ह्यांना वाटतं, हलत नाही म्हणजे जीव नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर सगळं हलताना बघायची सवय ना.

नम्रता : तुम्ही त्याला जरा जास्तच बोललात.

काका : काय जास्त बोललो?

नम्रता : तो म्हणाला, ‘मी मघापासून पाहून राहिलो, सर.’ तुम्ही म्हणालात, आधी मराठी शिका, मग पक्षी शिका. आणि वर म्हणालात, डोळे तपासून घ्या. सगळे हसले.

काका : विनोद बरा होता, म्हणून हसले.

नम्रता : मीसुद्धा हसले.

काका : मग झालं तर.

नम्रता : झालं कसं? भंडाऱ्याचा आहे तो. आमच्या टीममध्ये नवीन. कुणात मिसळत नाही, डबा घेऊन जिन्यात बसतो. मीच त्याच्या मागे लागले होते, प्रज्ञेश, रविवारी ये, आमचे काका फार प्रेमळ आहेत, तिथे कुणी परकं नसतं. म्हणून वाघोलीहून बस बदलत आला बिचारा.

काका : आणि चहा न घेता गेला. टपरीवर बसून पाळीपाळीनं सांगायचं असतं, कुणाला काय दिसलं. आपली इतक्या वर्षांची रीत. तेवढाही थांबला नाही.

नम्रता : थांबून काय सांगणार होता? त्याला गोणी दिसली होती.

काका : तुझा सूर मला काही ठीक वाटत नाही.

नम्रता : काका, समोर डावीकडे ती मोठी पाटी आहे ना, तिच्यावर काय लिहिलंय?

काका : फ्लॅटची जाहिरात असेल. ह्या रस्त्याला ऊस जाऊन दुसरं काय उगवतंय हल्ली?

नम्रता : वाचून सांगा ना.

काका : चष्मा घरी राहिला.

नम्रता : चष्मा तुमच्या नाकावर आहे.

काका : तू पुढे बघून गाडी चालव.

नम्रता : तिथे पाटी नाही, काका. नुसती बाभूळ आहे.

काका : हे बरं केलं नाहीस.

नम्रता : नाही केलं. पण तुम्हाला दुसरं कसं विचारू, मला सुचेना. ती गोणी होती, काका. सिमेंटची. पुरात वाहून येऊन पाण्यातल्या त्या खोडाला अडकलेली.

काका : तुला कशावरून?

नम्रता : मी मोठ्या दुर्बिणीतून बघितली. तिच्यावरची अक्षरंसुद्धा दिसली.

काका : कधी बघितलीस?

नम्रता : तुम्ही बगळा म्हणालात, त्याच्या आधीच.

काका : आधी.

नम्रता : हो. नंतर प्रज्ञेशनं विचारलं, मॅडम, मी बघू का दुर्बिणीतून? मी दुर्बिणीचे पाय दुमडून टाकले. म्हटलं, उशीर झाला, चला चहाला. आणि त्याला सांगितलं, काका चुकत नाहीत, तूच नीट बघत जा. मी सांगितलं असं. अजून तोंड कडू झालंय माझं.

काका : पण का?

नम्रता : नवीन माणसं होती समोर. तुमची लाज राहावी म्हणून.

काका : माझी राखायला त्या पोराची घालवलीस.

नम्रता : हो.

काका : तुझे बाबा आणि मी एका खात्यात. तू शाळेत होतीस, तेव्हा पहिल्यांदा तुला नदीवर घेऊन गेलो. काय सांगितलं होतं त्या दिवशी?

नम्रता : दिसलं तेच सांगायचं. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं, त्यात लाज नसते.

काका : सगळ्यांना खंड्या दिसला होता. तुला सापडेना. रडकुंडीला आली होतीस, पण पाळी आली तेव्हा म्हणालीस, मला नाही दिसला. घरी येऊन तुझ्या काकूला मी ते दोनदा सांगितलं, इतकं कौतुक वाटलं होतं.

नम्रता : आणि आज काय सांगाल?

काका : आज तुला बोलायला मला तोंड कुठे आहे? मोतीबिंदू असता तर काढून आलो असतो. डॉक्टर म्हणतात, आतला पडदाच गेलाय. कडेचं थोडंफार दिसतं. जे बघायला जावं, नेमकं तेच पुसल्यासारखं होतं. पावसाळ्यापासून चाललंय.

नम्रता : आम्हाला सांगायचं नाही का?

काका : काय सांगू? खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर मी. रविवार सोडला तर मला विचारतं कोण? शेकाट्या आवाजावरून कळतो. टिटवीही कळते. चक्रवाक तुम्ही लोक ओरडलात की मीही मान डोलावतो. आणि त्या खोडावर थंडीत राखी बगळा असतोच गं. आज काहीतरी राखाडी उभं दिसलं. म्हटलं, आलाय बाबा.

नम्रता : काका, कुणाचीही चूक झाली असती.

काका : चुकीचं नाही मी म्हणत. त्यानं गोणी म्हटलं ना, त्याच क्षणी मला कळलं, हा खरं बोलतोय. म्हणून तर एवढा चिडलो. खोटं बोलला असता तर समजावून सांगितलं असतं. कुठे असेल तो आता?

नम्रता : मोबाइल उचलत नाहीये. एवढ्या वेळात शेवाळवाडीपर्यंत चालत आला असेल. थांबा... तो काय, स्टॉपवर उभा आहे.

काका : थांबव गाडी.

(गाडी बसस्टॉपला लागते. नम्रता काच खाली करते, पण तिच्याच्यानं वर बघवत नाही.)

नम्रता : प्रज्ञेश, चल, गाडीत बस.

प्रज्ञेश : नाही मॅडम, येईलच बस आता.

काका : पुढे बसा तुम्ही. मी मागे जातो.

प्रज्ञेश : नाही नाही सर, तुम्ही कायले... कशाला उठता? मी बसतो ना मागे.

काका : ‘कायले’च राहू द्या.

प्रज्ञेश : सर, सॉरी हं. मघाशी मी चुकीचं बोललो.

काका : काय चुकीचं बोललात?

प्रज्ञेश : बगळाच होता तो. जाताना मी बंधाऱ्यावरून वळून बघितलं. मान हलली त्याची.

नम्रता : प्रज्ञेश, असं नको बोलूस.

प्रज्ञेश : खरंच मॅडम. बगळाच होता. माझीच नजर चुकली.

काका : ऐकलंस ना, नम्रता? एका सकाळीत शिकला. इतक्या लवकर मी आजवर कुणाला काही शिकवलं नव्हतं.

प्रज्ञेश : मी समजलो नाही, सर.

काका : समजू नका. नम्रता, गाडी वळव. परत कवडीला चल.

नम्रता : आता? ऊन चढलंय, काका.

काका : चढू दे.

प्रज्ञेश : सर, माझ्यासाठी नका जाऊ.

काका : तुमच्यासाठी कुठे जातोय?

नम्रता : बसा दोघं. वळवते.

(पुन्हा कवडीचा नदीकाठ. तिघं गाडीतून उतरून पाण्याकडे निघतात.)

काका : ...सावकाश धर गं, इथे उतार आहे. आलो ना काठावर? पाण्याचा वास तर आला.

नम्रता : आलो. खोड समोरच आहे, पलीकडच्या अंगाला.

काका : दुर्बीण लाव. पाय नीट उघड तिचे. आधी ह्यांना बघू दे.

प्रज्ञेश : सर, काही गरज नाही हो.

काका : आमची एक रीत आहे. कुणाला काय दिसलं, ते प्रत्येकानं आपल्या पाळीला सांगायचं. मघाशी तुम्ही थांबला नाहीत. थांबावं असं मी काही ठेवलंच नव्हतं. आता सांगा. घरी सांगाल तसं सांगा.

प्रज्ञेश : तुम्ही चिडाल, सर.

काका : चिडायचं होतं ते झालं चिडून.

प्रज्ञेश : गोणी आहे. सिमेंटची. अर्धी पाण्यात आहे, वरतं टोक वाऱ्यानं हलून राहिलं.

काका : मानेसारखं?

प्रज्ञेश : हो सर, अगदी मानेसारखं. कोणालेही वाटलं असतं.

काका : ते दयेचं नको. नुसतं दिसलं तेवढं पुरे. नम्रता, तुझी पाळी.

नम्रता : गोणी. सकाळीही मला गोणीच दिसली होती, प्रज्ञेश. तू खरं सांगत होतास, मला ते माहीत होतं, आणि तरी मी तुझ्यासमोर दुर्बीण मिटली. मला तुझ्याकडे बघायची लाज वाटतेय.

प्रज्ञेश : जाऊ द्या ना मॅडम.

नम्रता : नाही रे, असं जाऊ नाही देता येत.

प्रज्ञेश : मग सोमवारी जिन्यात या डबा घेऊन. तिथे बसून लाज वाटू द्या.

नम्रता : येते.

काका : झालं तुमचं? आता मला दुर्बिणीशी न्या कुणीतरी.

प्रज्ञेश : माझा हात धरा, सर. थोडं वाका. हं, इथे डोळा लावा.

नम्रता : काका, तुम्ही नाही बघितलंत तरी चालेल.

काका : माझी पाळी आहे. मधे बोलू नकोस.

नम्रता : बरं.

काका : मला काही दिसत नाही.