पहिला मासा नदीचा

नाही नाही, राजाभाऊ, इकडे सरका, त्या टोकाला बाकडं ओलं आहे – हां, असे. आणि तुम्ही मघापासून तलाव तलाव म्हणताय ना, तर हा तलाव नाही. खड्डा आहे. रेती उपसली, विकली, भोक राहिलं, त्यात पाणी साठलं, आणि आता काठाला पाटी लावून ठेवलीये – काय लिहिलंय तिच्यावर? जाऊ द्या, तुम्हाला तरी कुठं वाचता येतंय. पुण्यात तुम्ही हेडमास्तर होता, इथं जर्मनीत, वाल्डॉर्फात उतरल्यावर तुम्ही आणि मी सारखेच अडाणी. राग मानू नका. व्याह्यांत एवढं चालायचंच.

बघा तो थाट. सगळ्या पोरांच्या अंगात एकसारखी हिरवी जाकिटं, रबरी बूट आणि खुर्च्या – अहो, मासे धरायला खुर्च्या! आणि मधे तो त्यांना मासे धरायला शिकवणारा ब्रेनर, पोट पुढं काढून, शिट्टी गळ्यात. लाल टोपीवाली ती आपली निधी. आपली म्हणजे तुमच्या विभावरीची, मान्य आहे, पण पाण्याकडं बघते कशी ते तुमच्याकडचं नाही. तुमच्या घरात माशाचा वास आला की खिडक्या उघडतात. मी आल्या आल्या माझ्या जगदीशला म्हटलं, बाबा रे, मला एक गळ दे, दोरी दे, मी काठाला बसतो, तुमच्या पायात येत नाही. तर म्हणतो, अण्णा, इथं आधी परीक्षा द्यावी लागते. कसली? तर मासे धरायची. लेखी! आता सांगा, आमच्या भोईवाड्यात कुणाच्या बापानं असला पेपर दिला होता? पोरांना म्हणे तेवढी सूट, फक्त सोबत पास झालेला मोठा माणूस हवा. म्हणजे ब्रेनर चालतो, आजोबा चालत नाही. गेनाऊ, म्हणतो जगदीश. गेनाऊ म्हणजे बरोबर. काय बरोबर, डोंबल!

आणि जगदीश कुठल्या तोंडानं बोलतो? भीमेकाठच्या भोयाचा पोरगा आणि गुडघाभर पाण्यात उतरत नाही. आठवीपासून बोर्डिंगात. तिकडं भावाची पोरं धरणावर होडी चालवतात, पण मासे धरायला नव्हे – पुण्याची मंडळी पक्षी बघायला येतात, त्यांना फिरवायला. माझं जाळं कुडाला टांगून आहे, त्याचा झोळा करून त्यात भोपळे ठेवलेत. म्हटलं तर हसतात, अण्णा आता कोण करतं ते. बरं नका करू. मी कुणाच्या पाया पडलो नाही. आणि ही पोरगी – हिला कुणी सांगितलं नव्हतं – आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, ओपा, मासा हातात कसा धरायचा? ओपा म्हणजे आजोबा, तेवढं सोडलं तर मराठीत म्हणाली हो! एरवी सगळं जर्मन भाषेत उत्तर देते. मग काय, न्हाणीघरातल्या टबात पाणी भरलं, साबणाची वडी सोडली आणि म्हटलं, धर. विभावरी ओरडली, जमीन ओली झाली म्हणून. होऊ दे की. मऊ धरायचं, घाई करायची नाही, त्याला कळता कामा नये की तो धरला गेलाय – दिवसभर तेच. जमलं पोरीला.

आणि रीत सांगितली. ती सांगावीच लागते, नाहीतर उरलं काय, नुसतं पोट भरणं. आमच्यात नवा हात पाण्याला लागला की त्याचा पहिला मासा नदीचा. केवढाही असो. दोन्ही हातांनी परत सोडायचा, वर ओंजळभर पाणी घालायचं, आई तुझं तुला दिलं म्हणायचं, आणि मग जन्मभर ती तुला उपाशी ठेवत नाही. माझ्या बापानं मला सांगितलं, मी... मी कुणाला सांगितलं? हिलाच.

तर काय झालं माहितीये? सांगितलं असेल तुम्हाला विभावरीनं, सांगितल्याशिवाय तुम्ही कशाला आलात. मागच्या खेपेला लागला हिला. चांगला हातभर. ही वाकली, तोंडानं पुटपुटली, आणि पाण्यात हात घालणार तोच ब्रेनरनं मासा काढून घेतला. त्यानंच मारला. आणि सगळ्या पोरांना गोळा करून हिला मधे उभी केली – म्हणाला, हे मला जगदीशनं नंतर सांगितलं, खायचा नसेल तर धरायचाच नाही, धरून सोडायचा म्हणजे मुक्या जिवाला खेळ म्हणून दुखवायचं, आमच्यात ते चालत नाही, कायदाच आहे तसा. पुन्हा केलंस तर घरी. आता यात काय शहाणपण – आहे, थोडं आहे, मी नाही म्हणत नाही. पण चारचौघांत? ती म्हणाली, ओपानं सांगितलं. तर हसली पोरं. त्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोललेली नाही. जर्मनमधेही नाही.

आणि जगदीशनं मला खोलीत बोलावून सांगितलं, अण्णा, तिला आता काही शिकवायचं नाही. मला! वर तुम्हाला धाडलं सोबत, फिरून या दोघं म्हणून. राजाभाऊ, मी शाळेत गेलो नाही म्हणजे मला राखण कळत नाही असं नाही. मी उठून तिच्याकडं जाऊ नये म्हणून बसलाय तुम्ही इथं. बसा. तुमचा दोष नाही.

मी कुठं जातोय? मला फक्त बघायचंय. त्या दिवशीचा मासा हिचा नव्हेच, मारला त्यानं. हिचा पहिला अजून यायचाय. आणि तो आला की ही काय करते – त्याच्यासाठी मी आठवडाभर – थांबा. थांबा. दोरी ताणली. तिचीच! सोड पोरी, दोरी सैल सोड... बघा, ओढत नाही, दमवतेय. कुणी शिकवलं? तो पोटल्या मागं उभा आहे नुसता. आला. आला काठाला. जाळीत घेतला. अजून पाण्यातच आहे हो, जाळी पाण्यात धरलीये तिनं, एक कड खाली केली की गेला. नुसती एक कड.

इकडं बघतेय.

राजाभाऊ, इकडं बघतेय ती. माझ्याकडं. ब्रेनर काहीतरी म्हणतोय आणि ही इकडंच बघतेय. हातात लाकडी दांडका दिलाय तिच्या, माशाच्या डोक्यात घालायला. सोडला तर आज घरी. जाकीट काढून घेतील. मग टबातली साबणाची वडी आणि मी, आणि मी तर पुढच्या बुधवारी विमानात.

काय? मी? कुठं मान हलवली? छे. माशी होती. काय तरी बघता तुम्ही, म्हणे मार म्हणून खुणावलं. मी कशाला खुणावू, माझं चालतं का इथं काही?

तुम्ही तिकडं बघू नका, तुम्हाला सोसायचं नाही. मीही नाही बघत. आवाज आला? एकदाच ना? दुसरा नाही आला ना? बरं. एकातच बरं.

येईल आता धावत दाखवायला. तुम्ही उठा, तुम्ही शाबासकी द्या, फोटो काढा, ते तुम्हाला छान जमतं. जा म्हणतो ना. मी बसतो जरा इथं. आणि जाताना मागं वळून बघू नका.