हीटरचा अडलेला खटका

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघणाऱ्या बाईंनी पेपर कधीच बाजूला ठेवला होता. समोर एक म्हातारं जोडपं आपल्या जुन्या गाडीपाशी उभं होतं आणि मेकॅनिकचं डोकं डॅशबोर्डखाली होतं.

"काका, हीटरचा खटका ठणठणीत आहे. केबलमध्ये केसांची पिन खोचलीय कुणीतरी."

"पिन? गाडीत?"

"मी खोचली," काकू म्हणाल्या. "हे सगळी ऊब काचेवर वळवायचे आणि माझे गुडघे गारठायचे."

"अगं, मग सांगायचंस ना! दोन हिवाळे त्या खटक्याशी कुस्ती खेळतोय मी."

"सांगितलं होतं. 'गाडीतलं मला कळतं' म्हणालात."

"काका, काढू ना पिन?"

"नको. काचेवरची वाफ मी फडक्याने पुसेन."