घरटी एक काकुले

(सरोवर आणि डोंगर यांच्या मधलं गाव; दोन्हीकडच्या फौजा त्यावर हक्क सांगतात. मुखिया अनास्ताझचं अंगण. दुपार.)

कातुंगू : मीठ सरोवरापलीकडचं.

अनास्ताझ : बसा आधी, वहिनी.

कातुंगू : बुटांचे ठसे डोंगरापलीकडचे.

अनास्ताझ : पाणी आणू?

कातुंगू : झेंडा राजधानीचा, लांबच्या किन्शासाचा, तोही फाटका. घेवडा तेवढा आपला. आणि पोरं.

अनास्ताझ : झालंय काय?

कातुंगू : सरोवरवाल्या शिपायांनी सकाळी माझ्या काकुलेला उचललं. म्हणे, डोंगरवाल्यांना घेवडा पोचवतो.

अनास्ताझ : घेवडा तर सगळं गाव देतं. न देऊन सांगतो कुणाला!

कातुंगू : तेच म्हणाले मी. तर म्हणतात, तुमच्या मुखियानंच नाव सांगितलं.

अनास्ताझ : हे बघा, नाव दिल्याशिवाय ते हलेनात. मग म्हटलं, काकुले.

कातुंगू : नुसतं काकुले?

अनास्ताझ : आपल्यात चौथा मुलगा म्हणजे काकुलेच की! घरटी एक. वाटलं, हे नाव देणं न दिल्यासारखंच. बसतील शोधत.

कातुंगू : शोधायला ते काय आपल्यातले आहेत? पहिल्याच दारात विचारलं, काकुले आहे का? पोरगं ‘आहे’ म्हणत बाहेर आलं. तोंडात रताळं होतं.

अनास्ताझ : चुकलंच माझं, वहिनी.

कातुंगू : तुमचा काकुले कुठाय, भावोजी?

अनास्ताझ : मामाकडे.

कातुंगू : कधी गेला?

अनास्ताझ : काल.

कातुंगू : आणि नाव कधी दिलंत? बोला की.

अनास्ताझ : दोघांच्या मध्ये सापडलोय मी.

कातुंगू : थू! सापडलोय म्हणे. दोघांच्या पंगतीला जेवताय तुम्ही. उठा, छावणीवर चला. सांगा, हा तो नव्हे.

अनास्ताझ : मग विचारतील, खरा कोण?

कातुंगू : घेवड्याची पोती कुणाच्या कोठारातून गेली, ते सांगा.

अनास्ताझ : गोळी घालतील मला!

कातुंगू : तुम्हाला? मुखियावाचून दोघांचंही पान हलत नाही. मरतो तो काकुले.

अनास्ताझ : उद्या जातो. देवाशपथ.

कातुंगू : मी आत्ता निघाले, मुखिया. तुमचं नाव सांगायला. गावात अनास्ताझ एकच आहे.

अनास्ताझ : वहिनी, थांबा! तुमचं कोण ऐकणार तिथं?

कातुंगू : सरोवरवाले पहिल्यांदा गावात आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला केळीच्या पानांची कमान माझ्या काकुलेनंच बांधली होती.